हिरवा त्रिकोण नेमकं काय सांगतो?

पोस्ट मोठी आहे. आल्याची लागण तोंडावर आलीय म्हणून आत्ताच लिहितेय. जमेल तेव्हा वाचा, पण बेणं बुडवायच्या आधी वाचा.

गेले आठ-दहा दिवस आपल्या भागातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बाविस्टिनमुळे माणसाची जनुकं बदलतात, युरोपने ते कधीच बंद केलं, आपल्याला मात्र विकतायत. त्याखाली ठरलेलं उत्तर: पुडीचा फोटो, त्यावरच्या हिरव्या त्रिकोणाभोवती गोल काढलेला, आणि "सगळ्यात सुरक्षित वर्ग, सरकारमान्य, अफवा पसरवू नका." मग दोन्हीकडून शिव्या. मग कुणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकतं आणि विषय मिटतो.

मी २७ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि घरी अडीच एकर आलं आहे. म्हणजे पेशींची विभागणीही माझ्या रोजच्या पोटापाण्याची आणि बाविस्टिनची पुडीही. त्यामुळे या भांडणात मला दिसतंय ते सांगते. मेसेज टाकणारा साफ खोटं बोलत नाही. फोटो टाकणाराही खोटं बोलत नाही. पण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, आणि आपण ती एकाच प्रश्नाची समजून भांडतोय.

आधी नाव स्पष्ट करते. बाविस्टिन हे एका ब्रँडचं नाव. आतलं रसायन कार्बेन्डाझिम, बुरशीनाशक. पण जसं सगळं वनस्पती तूप आपल्याकडे डालडा, तसं कुठल्याही कंपनीचं कार्बेन्डाझिम हे बाविस्टिनच. मॅन्कोझेब मिसळून येणाऱ्या जोड-पावडरीतही तेच असतं. त्यामुळे इथे एका कंपनीविषयी बोलत नाहीये, रसायनाविषयी बोलतेय.

आता तो त्रिकोण. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. त्यात पुडीवर किंवा बाटलीवर रंगीत चिन्ह छापायची सक्ती आहे. रंग कसा ठरतो? उंदरांना औषध पाजायचं आणि एका झटक्यात निम्मे उंदीर मरायला वजनाच्या किलोमागे किती मिलीग्रॅम लागतं ते बघायचं. ५० पर्यंत लागलं तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्याच्या वर हिरवा. तोंडावाटे जाणाऱ्या विषाचा हा मुख्य हिशेब. कार्बेन्डाझिमचा आकडा ५,००० च्या बराच वर आहे, म्हणजे या हिशेबाने ते हिरव्या रकान्यातच बसतं. चूक काही नाही त्यात.

पण प्रश्न काय विचारला होता? "एकदम पोटात गेलं तर किती पटकन मरशील?" एवढाच. दहा वर्षं थोडं थोडं गेलं तर काय, पोटातल्या बाळाचं काय, पेशीतल्या जनुकांचं काय, हे त्या रंगाला विचारलेलंच नाही. हिरवा रंग म्हणजे चटकन मारत नाही. बस. त्यापलीकडचं त्याच्या तोंडी घालणं म्हणजे गाडीच्या पीयूसीवरून ब्रेक चांगले आहेत म्हणणं.

मग जनुकं बदलतात का, हे कसं ठरवतात? इथे जरा धीर धरा, वर्गात यायचे तसे कंटाळून उठून जाऊ नका.

पेशी दुप्पट होते तेव्हा आतल्या सगळ्या माहितीची नक्कल निघते आणि दोन लेकरांत वाटणी होते. माणसात ४६ गुणसूत्रं. यात तीन तऱ्हेचे घोटाळे होऊ शकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, तलाठ्याने उतारा उतरवताना एक अक्षर चुकवलं, "पाटील"चं "पाटीव" झालं; हा पहिला. रजिस्टरचं पानच फाटलं, अर्धं इकडे अर्धं तिकडे, हा दुसरा. तिसरा सगळ्यात वेगळा. अक्षर शाबूत, पान शाबूत, पण वाटणी करताना एका भावाकडे एका गटाचे दोन्ही कागद गेले आणि दुसऱ्याकडे काहीच नाही. पेशीतही तसंच, एकीकडे ४७ आणि दुसरीकडे ४५. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, ती अशाच वाटणीच्या चुकीतून. (ती चूक आईच्या वाढत्या वयाबरोबर आपोआपही वाढते. लगेच औषधाशी जोडून नवा मेसेज करू नका, हात जोडते.)

तीन घोटाळे वेगळे, म्हणून त्यांच्या चाचण्याही वेगळ्या. "जनुकीय चाचणी पास" असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न हवा: कुठली चाचणी?

पहिल्या घोटाळ्यासाठी जगभर वापरतात ती एम्स टेस्ट. कॅलिफोर्नियात बर्कलीला ब्रूस एम्स म्हणून शास्त्रज्ञ होते, २०२४ मध्ये वारले. त्यांनी १९७० च्या दशकात बसवलेली ही युक्ती इतकी साधी आहे की शिकवताना मलाच मजा यायची. साल्मोनेला नावाच्या जंतूची अशी जात घ्यायची, की जिच्या जनुकात मुद्दाम बिघाड आहे आणि हिस्टिडीन हा अन्नघटक तिला स्वतः बनवता येत नाही. तिला हिस्टिडीन नसलेल्या ताटलीत सोडायचं. जंतू उपाशी. त्यात तपासायचं रसायन टाकायचं. रसायनाने अक्षरं बदलली, तर काही जंतूंमध्ये तो बिघाड योगायोगाने दुरुस्त होतो आणि ते वाढायला लागतात. दोन दिवसांनी ताटलीवरचे ठिपके मोजायचे. रसायन न टाकताही थोडे ठिपके येतातच. त्यापेक्षा स्पष्ट जास्त आले, मात्रा वाढवली तसे वाढले, तर घंटा वाजली. शिवाय उंदराच्या यकृताचा अर्क घालून हेच पुन्हा करतात, कारण काही रसायनं मुळात निरुपद्रवी असतात, यकृतातून गेली की घातक होतात.

शुद्ध कार्बेन्डाझिम या परीक्षेत पास होतं. पण जुन्या काही नमुन्यांत ठिपके वाढलेले दिसले. खोदून पाहिल्यावर कळलं की दोष कार्बेन्डाझिमचा नव्हता, ते बनवताना तयार होणाऱ्या फेनाझिन जातीच्या भेसळीचा होता. भेसळ म्हणजे कुणी मुद्दाम घातलेली नव्हे, कारखान्यात नीट न काढलेला मळ. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत या मळाला अगदी बारीक मर्यादा घातलेली आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच्या बरोबर उलटं उदाहरण कॅप्टानचं. द्राक्षवाल्यांना ओळख करून द्यायला नको. कॅप्टान एम्स टेस्टमध्ये ठणठणीत नापास होतं. पण जिवंत प्राण्याच्या शरीरात ते रक्तात शिरता शिरताच फुटून जातं, जनुकापर्यंत पोचण्याआधीच. म्हणून ताटलीत नापास असूनही प्राण्यांवरच्या चाचण्यांत ते नुकसान तसं दिसत नाही. म्हणजे ताटलीत नापास झालं म्हणून निकाल लागला असं नाही, आणि पास झालं म्हणून सुटलं असंही नाही.

कार्बेन्डाझिम कुठे अडकतं? तिसऱ्या घोटाळ्यात.

वाटणी करताना पेशी बारीक दोर ताणते आणि त्या दोरांनी गुणसूत्रं दोन टोकांना ओढते. कार्बेन्डाझिम बुरशीचे हे दोर बनूच देत नाही. बुरशीची वाढ थांबते ती यामुळेच, हेच त्याचं काम. बुरशीच्या दोराला ते घट्ट चिकटतं, आपल्या दोराला फार सैल, म्हणून बुरशी मरते आणि आपण मरत नाही. पण सैल म्हणजे शून्य नव्हे. मात्रा वाढली की सस्तन प्राण्यांचेही दोर अडखळतात. उंदराच्या हाडातल्या मगजावरच्या चाचणीत पेशीतलं मूळ केंद्रक निघून गेल्यावरही छोटं केंद्रक उरलेलं दिसतं, वाटणीत मागे राहिलेल्या गुणसूत्रांचं. रंग देऊन पाहिलं तर ते तुकडे नसतात, अख्खी गुणसूत्रं असतात. माणसाच्या रक्तपेशींवर प्रयोगशाळेत हेच दिसलंय. आणि मोठ्या मात्रेत उंदरांच्या शुक्रपेशींमध्येही वाटणीच्या चुका दिसल्यात. युरोपने या सगळ्यावरून त्याला जनुकीय दोष घडवणारं म्हणून १बी वर्गात टाकलं, गर्भाला आणि प्रजननाला घातक म्हणूनही १बी. तिथली त्याची मंजुरी ३० नोव्हेंबर २०१४ ला संपली, परत मिळाली नाही. तेव्हा मेसेजवाल्याचा तो मुद्दा खरा.

ही दोर तोडायची करामत आपल्याला नवी नाही. गौरीला वाहतो ती कळलावी. तिच्यातलं कोल्चिसिन हेच करतं. कॉलेजात कांद्याची मुळं कोल्चिसिनच्या पाण्यात ठेवून काचेवर चिरडली की गुणसूत्रं दोर तुटलेल्या गुरांसारखी पेशीभर विखुरलेली दिसायची. पोरं खूश व्हायची. जाता जाता सांगते, आपल्याकडे कांद्याच्या मुळावर कुठलंही कीटकनाशक टाकून पेपर छापायची साथच आहे, आणि मग त्याची बातमी होते "घातक असल्याचे सिद्ध". कांद्याची मुळं शिकवायला उत्तम. त्यावरून माणसाचा निकाल लावू नये.

शाळेत मुलांना जंताची गोळी देतात ना, अल्बेन्डाझोल? तीही याच घराण्यातली, जंताचे दोर अडवते. कोट्यवधी मुलं खातात आणि बरी असतात. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. घराणं तेच, काळजीचा मुद्दा तोच. डॉक्टरला ते माहीत असतं म्हणून तो विचारतो. कृषी सेवा केंद्रात कोण विचारतं?

आता खरा वाद इथे आहे, आणि तो शास्त्रज्ञांतही झाला. जे रसायन थेट अक्षरं खराब करतं, त्याला सुरक्षित किमान मात्रा नसते असं साधारण धरतात. एक रेणूही एखाद्या अक्षराला धडकू शकतो. दोर तोडणाऱ्याचं तसं नाही. पेशीत दोर पुष्कळ असतात, दोन-चार अडले तरी वाटणी होते. म्हणजे एका मात्रेखाली काही होत नाही. माणसाच्या रक्तपेशींवर हे तपासलं गेलं आणि अशी पायरी दिसली. म्हणून अन्न आणि आरोग्याच्या जागतिक संघटनांच्या तज्ज्ञगटाने कार्बेन्डाझिमवर फुली न मारता मर्यादा ठरवली. २००५ सालची एका दिवसाची मर्यादा: इतर सगळ्यांना वजनाच्या किलोमागे ०.५ मिलीग्रॅम, आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ०.१. पाच पट कमी. एकाच औषधासाठी बाईची मर्यादा वेगळी आहे, हे वाक्य मला एकाही पुडीवर किंवा कृषी मेळाव्यात दिसलेलं नाही.

हिशेब करू. ५० किलो वजनाची बाई, मर्यादा ५ मिलीग्रॅम. आल्याच्या बेणेप्रक्रियेला आपण १० लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम पावडर टाकतो, ती ५० टक्क्यांची. म्हणजे एका मिलीलिटरमध्ये पाऊण मिलीग्रॅम. ५ मिलीग्रॅम व्हायला सातएक मिलीलिटर पाणी पुरतं. चहाचा दीड चमचा. ही मर्यादा म्हणजे काही लगेच घात होण्याची रेघ नव्हे. प्राण्यांत काही झालं नाही त्या मात्रेचा शंभरावा भाग घेऊन ती काढलेली असते. आणि कातडीतून हे रसायन फारसं आत जात नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मीही मेसेजवाल्यासारखीच झाले. पण दीड चमचा तोंडात जायला काय लागतं?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याच बांधावर पाहिलेलं सांगते. दोन बॅरल, आठ बायका. बॅरलमध्ये कार्बेन्डाझिम आणि क्विनॉलफॉस एकत्र. बायका पाटीतून बेणं ओतत होत्या, हाताने खालीवर करत होत्या, कोपरापर्यंत हात आत. क्विनॉलफॉसचा वास डोक्यात जातो, त्यामुळे ती बाटली ओतायला सगळ्या नाखूश, नाकाला पदर. पांढरी पावडर मात्र एकीने मुठीनेच टाकली. मी ओरडले तर म्हणाली, "म्याडम, त्येला कुटं वास हाय? आन् हिरवा हाय की त्यो." दहा वाजता न्याहारीला बसल्या. बॅरलशेजारच्या बादलीत हात बुचकळले, भाकरी मोडली, आणि त्यानंतर दोघीतिघींनी त्याच बोटाने मिश्री लावली. मिश्री दाताला चोळून बोट तोंडात किती वेळ असतं, ते ज्यांच्या घरात मिश्री आहे त्यांना सांगायला नको. त्यातल्या एकीला तिसरा महिना होता. हे मला दुपारी कळलं, तेही तिच्या जावेकडून.

वास आणि रंग. आपल्याकडे धोका याच दोन गोष्टींवर मोजतात. आणि कार्बेन्डाझिमला वास नाही, रंग हिरवा.

शिवाय त्या बॅरलमध्ये जे होतं, त्याची चाचणी कुणीच केलेली नाही. चाचण्या प्रामुख्याने शुद्ध रसायनावर होतात, एकेकट्या. शेतात पंपाच्या टाकीत तीन औषधं, वर स्टिकर, वर टॉनिक. १९८० च्या दशकात आंध्रातल्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांचं रक्त तपासलं, तेव्हा न फवारणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात गुणसूत्रांचे दोष जास्त निघाले. नंतर इतर पिकांतही असे अभ्यास झाले. पण तो माणूस वर्षाला डझनभर औषधं हाताळतो, मग दोष कुणावर ठेवणार? प्रत्येक कंपनी दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही असतं. मजुराचं रक्त तेवढं मधे राहतं. आपल्या निर्यातीच्या द्राक्षाचा घड युरोपच्या माणसासाठी अंशापर्यंत तपासला जातो, त्याची साखळी आहे, लॅब आहेत. घडाला औषध मारणाऱ्याला ती सोय नाही.

सरकारचं काय? २०१८ साली १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला, त्यात बेनोमिल होतं. बेनोमिल पाण्यात आणि शरीरात गेलं की त्याचं होतं काय? कार्बेन्डाझिम. म्हणजे बेनोमिल बंद आणि त्यातून जे तयार होतं ते दुकानात. थायोफिनेट मिथाईलचंही शेवटी कार्बेन्डाझिमच होतं, तेही चालू. मे २०२० मध्ये २७ औषधांच्या बंदीचा मसुदा आला, त्यात कार्बेन्डाझिम, कॅप्टान, थायोफिनेट मिथाईल सगळी होती. कंपन्यांच्या आणि इतरांच्या हरकती आल्या, समित्या बसल्या. २०२३ ला अंतिम बंदी आली ती मोजक्यांवर, आणि त्यांत ही तिन्ही नव्हती. बंद करणं बरोबर की चूक यावर प्रामाणिक मतभेद असू शकतो. माझं स्वतःचं मत, आल्याच्या कंदकुजीला आज शेतकऱ्याच्या हातातून ते एकदम काढून घेऊ नये. पण यादीत का घातलं आणि का काढलं, कुठल्या चाचणीचा कुठला निकाल पाहून, हे तुम्हाआम्हाला वाचता येईल अशा रीतीने समोर ठेवलेलं नाही. युरोपात औषधाच्या मूल्यमापनाचे निष्कर्ष कुणीही उघडून वाचू शकतो. २०१९ मध्ये क्लोरपायरिफॉसबद्दल त्यांच्या अन्नसुरक्षा संस्थेने म्हटलं की जनुकीय धोका नाकारता येत नाही, म्हणून सुरक्षित मर्यादा ठरवताच येत नाही. ते तिथल्या शेतकऱ्याने वाचलं, भांडायचं तर त्यावर भांडला. आपण पुडीच्या फोटोवर भांडतो.

आणि तो मळ आठवतोय ना, फेनाझिनचा? आपल्याकडे एका कंपनीला नोंदणी मिळाली की तेच रसायन बनवणाऱ्या पुढच्या कंपन्यांना कायद्याच्या कलम ९(४) खाली सोप्या वाटेने नोंदणी मिळते. यात गैर काही नाही, औषध त्यामुळेच स्वस्त होतं. पण मग बाजारातल्या नमुन्यांत कारखान्याचा मळ किती हे कुणीतरी सतत पाहायला हवं. गुणनियंत्रणवाले दुकानातून नमुना नेतात तेव्हा मुख्यतः मूळ रसायन टक्क्यात भरतं का ते पाहतात. म्हणजे शेतकरी फसला का, हे. मजुराचं काय, हा त्यांच्या फॉर्मवरचा प्रश्न नाही.

२०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो आजारी पडली, तेव्हा चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. माणसं मेली की यंत्रणा हलते, उशिरा का होईना. जनुकाच्या बाबतीत तसं कुणी बांधावर पडत नाही. तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला तर आपल्याकडे म्हणतात, "नजर लागली" किंवा "तिलाच झेपत नाही."

या आठवड्यात पंचायत समितीत खरीप आढाव्याची बैठक आहे. मी तीन गोष्टी लेखी देणार आहे. सही करायची असेल तर मंगळवारी दुपारपर्यंत घरी या. एक, बेणेप्रक्रियेच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात गरोदर आणि मूल होऊ शकेल अशा बायकांसाठी वेगळी सूचना, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि त्रिकोण फक्त तात्काळ विषारीपणा दाखवतो हे वाक्य. दोन, तालुक्यातून जाणाऱ्या कार्बेन्डाझिमच्या नमुन्यांपैकी काहींची तरी फेनाझिनसाठी तपासणी. तीन, ट्रायकोडर्मा वेळेवर आणि जिवंत मिळावा. गेल्या वर्षी लागण उरकल्यावर आला.

आमच्या शेतावर तोवर हे चालू केलंय: बेणं जाळीच्या क्रेटमध्ये भरून दोरीने बॅरलात सोडायचं, हात घालायचाच नाही. पावडर मोजून आणि ती मी किंवा आमचे हे ओतणार. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, कापडी नव्हे. कापडी भिजले की दिवसभर औषध धरून ठेवतात. न्याहारीआधी साबण, वाहतं पाणी. मिश्रीची डबी घरी. आणि लागणीच्या आदल्या दिवशी सगळ्या बायकांना विचारते, कुणाला दिवस गेलेत का, किंवा तशी शंका आहे का. सगळ्यांसमोर नाही, एकेकीला बाजूला घेऊन. जी हो म्हणेल ती सावलीत बेणं निवडायला बसते. हजेरी तेवढीच.